गेटवरचं घमेलं

"हात वर कर. फिर. आता पाठ."

उसावर मारायच्या पंपानं माझ्या अंगावर औषध मारणं चाललं होतं. पाठीवर अडकवायचा पंप, लांब नळी, पुढं बारीक भोकांचं तोंड. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी साहेबांनी तो खास गावाकडच्या शेतातनं आणवला होता. नळी वॉचमन नामदेवमामांच्या हातात होती, हुकूम साहेबांच्या तोंडात. साहेब स्वतः लांब, लिफ्टच्या दाराशी. दोन मास्क, वर काचेचा पडदा, हातात मोजे. चंद्रावर निघालेला माणूससुद्धा एवढी तयारी करत नसेल.

डोळ्यांत गेलं. आग झाली. वर चार मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. टीव्हीवर काही नवीन नव्हतं त्या दिवसांत.

आणि मी काय केलं? मी ओरडलो, "मारा साहेब, जरा जास्तच मारा! कीड लागलेला ऊस हाय!"

गॅलऱ्या हसल्या. साहेब हसले. नामदेवमामा हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. माझं हसू म्हणजे काय सांगू, पन्हाळ्यावरची वटवाघळं उठायची.

औषध दोन अंघोळींत निघालं. ते हसू अजून निघालेलं नाही.

कसबा बावड्याच्या कडेला, जिथं ऊस संपतो आणि फ्लॅट सुरू होतात, तिथली ती इमारत. तिथं मी अकरा वर्षं झाडलोट करत होतो. जिने, पार्किंग, कचरा, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकी केवढी? राधानगरीचं धरण तिच्यात ओतलं तर वर वीतभर जागा राहील, एवढी. असं मी सगळ्यांना सांगायचो. थापा मारणं हा माझा जोडधंदा होता. खरं तर तोच मुख्य, झाडू जोडीला. माझ्या थापांसाठी लोक दार उघडून उभे राहायचे. झाडूवाल्यासाठी कोण दार उघडतंय?

दुसऱ्या मजल्यावर आक्का राहायच्या, मुलगा-सुनेबरोबर. ऐंशीच्या पुढच्या. मूळच्या सीमेकडच्या, घरात कानडी, दारात मराठी. मला 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. महापुराच्या वर्षी टाकीत मगर सापडली, ती जिन्यानं खाली उतरली आणि बेल वाजवून "आक्का हायत का घरात?" म्हणून विचारून गेली, ही गोष्ट मी त्यांना चाळीस वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी मगर हातभर वाढायची. शेवटी शेवटी तिची शेपूट रंकाळ्यात आणि तोंड बावड्यात, अशी अवस्था झाली होती. आक्का एवढ्या हसायच्या की कवळी हातात काढून घ्यायच्या. "पुरे रं तम्मा, मरीन मी."

मग तो रोग आला. दारं लागली.

माझी बायको आणि लेक आजऱ्याला अडकल्या. सासूला बरं नव्हतं म्हणून चार दिवसांसाठी गेल्या होत्या, तेवढ्यात सगळं बंद. गावानं वाटेवर काट्या टाकल्या. बाहेरनं येणाऱ्याला चौदा दिवस शाळेत झोपायचं. बायको तिथंच काजू सोलायच्या कामाला लागली. मी इकडं एका खोलीत. सकाळी इमारत, दुपारी खोली. बोलायला भिंत. भिंत ऐकून घेते, पण हसत नाही. थापाड्या माणसाचे त्यानं किती हाल होतात ते ज्याला भोगावं लागलं त्यालाच ठाऊक.

जिन्यात मी एकदा मोठ्यानं मगरीची गोष्ट सुरू केली. आक्कांना दाराआडनं ऐकू जावी म्हणून. तर वरनं साहेबांचा आवाज आला, "जिन्यात बोलायचं नाही. थेंब उडतात."

थेंब. अकरा वर्षांत माझ्या तोंडातनं थेंब उडतात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग ते अॅप आलं. सरकारी. फोनमध्ये घ्यायचं, ब्लूटूथ चालू ठेवायचं. दोन फोन जवळ आले की ते एकमेकांची नोंद ठेवणार. पुढं त्यातला एक माणूस आजारी निघाला, की दुसऱ्याला कळवणार. तुमचा रंग हिरवा असला तर बरं. नारिंगी झाला तर घरात बसा. मला तर ते पटलं होतं. रोगाचा माग काढायचा तर काढावाच की. मी इमारतीत सगळ्यात आधी ते घेतलं, आणि साहेबांच्या आधी घेतलं म्हणून आठवडाभर मिरवलो.

साहेब इंजिनिअर. कॉम्प्युटरमधले. त्यांनी त्यावर डोकं चालवलं. आम्ही कामाची माणसं दहा घरं फिरणार, आमचे फोन फ्लॅटवाल्यांच्या फोनाजवळ जाणार, आणि उद्या आमच्यातला कुणी आजारी पडला तर फ्लॅटवाल्यांचे फोन फुकट नारिंगी होणार. त्यांना कंपनीत जाता येणार नाही, गावाला जाता येणार नाही. म्हणून गेटवर एक निळं घमेलं आलं. बांधकामावर वाळू वाहायचं असतं तसलं, प्लॅस्टिकचं.

नियम असा. सकाळी आठला गेटवर यायचं. अॅप उघडून लांबनं हिरवा रंग दाखवायचा. मग अॅप चालू तसंच ठेवून फोन घमेल्यात टाकायचा. बाराला जाताना उचलायचा. त्यात माझा फोन, पोळ्या करणाऱ्या शालनवैनीचा, गाड्या पुसणाऱ्याचा, दूधवाल्याचा. एकावर एक. माणसांनी सहा-सहा फुटांवर उभं राहायचं, आणि आमचे फोन मात्र एकमेकांच्या कुशीत झोपलेले.

जातीचं नाव कुणीही काढलं नाही, हे मी इथं मुद्दाम लिहितो. काढायची गरजच पडली नाही. माझ्या आज्याला हॉटेलात चहा वरनं, लांबनं ओतायचे, तेव्हा हॉटेलवाल्यांना जातीचं नाव तरी घ्यावं लागायचं. आता सगळं सॅनिटायझरनं स्वच्छ झालं होतं. लांब राहा म्हणायला शास्त्र हाताशी आलं होतं. आणि मी खुळा, मी घमेल्यावरही गोष्ट रचली. म्हटलं, "माझ्या फोनला बायको मिळाली. आता बारकी बारकी मोबाईलं होतील." परत गॅलऱ्या हसल्या.

एका सकाळी गेटवर माझा रंग नारिंगी निघाला.

नामदेवमामांनी तोंडावरचा काचेचा पडदा वर केला, परत खाली केला. "लेका, हे काय?" साहेब धावत आले आणि दहा फुटांवर थांबले. "बाहेर! गेटच्या बाहेर! फोन खिशात घाल आणि चालायला लाग!" मी झाडू टेकवून ठेवत होतो. "तो झाडू पण घेऊन जा!"

झाडू खांद्यावर टाकून मी भर रस्त्यानं चालत घरी गेलो. बंदूकवाल्यासारखा. लोक बाजूला होत होते.

शालनवैनीला रोग निघाला होता. तिला सेंटरमध्ये नेलं. माझ्या दारावर दोन माणसं येऊन कागद चिकटवून गेली. चौदा दिवस. शेजारी डबा उंबऱ्यावर ठेवायचे आणि मी दार उघडायच्या आत गायब व्हायचे. एवढ्या चपळाईनं पळणारी माणसं आपल्या गल्लीत आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आपला जिल्हा ऑलिम्पिकला का मागं पडतो, कळत नाही.

आरोग्य खात्यातनं एका बाईंचा फोन आला.

"पॉझिटिव्ह व्यक्तीच्या संपर्कात आलाय तुम्ही. एक मीटरच्या आत. रोज चार-चार तास दिसतंय."

"कोण, मी?"

"तुमचाच नंबर आहे की."

बाई "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. रोज चार तास, एक मीटरच्या आत! तीन महिने झाले होते, माझ्याजवळ एक मीटरवर कुणी उभं राहिलं नव्हतं. हात लावला नव्हता. किराणावाला सुटे पैसे फळीवर ठेवायचा. आणि सरकारच्या लेखी मी रोज चार तास माणसांत होतो.

बातमी माझ्या आधी आजऱ्याला पोचली. बायकोचा फोन.

"अवं, चार तास?"

"ऐक तर."

"काय ऐकू? लगनाच्या दिवशी तरी बसलासा का माझ्याजवळ चार तास? जेवणावळीत थापा मारत फिरत हुतासा. आन शालनवैनीजवळ रोज चार तास!"

"अगं, मी तिच्याशी दोन महिन्यांत बोललो न्हाई. लांबनं हात करतो."

"मग काय सरकार खोटं बोलतंय?"

ती हसत होती की रडत होती, फोनवर कळेना. मला वाटतं दोन्ही. मग म्हणाली, "जेवलासा का?" मी म्हटलं, "बासुंदी-पुरी." ती म्हणाली, "व्हय व्हय." आणि फोन ठेवला. उंबऱ्यावरचा डबा कोरडा झाला होता.

त्या दुपारी मी भिंतीला टेकून हिशोब मांडला. आठ ते बारा. चार तास. आठला काय होतं? फोन घमेल्यात जातो. बाराला काय होतं? फोन निघतो. शालनवैनी चौथ्या मजल्यावर पोळ्या लाटत होती, मी गच्चीत टाकी धूत होतो. खाली आमचे फोन अंगाला अंग लावून पडले होते. अॅपनं माणसं बघितली नव्हती, फोन बघितले होते. त्यानं खरंच सांगितलं होतं. फोन माझ्यापेक्षा माणसाळलेला निघाला.

सापडलं! मी उठून उभा राहिलो. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. चार पावलं दारापर्यंत, चार पावलं मागं. कुणीच नव्हतं.

मग मी अॅपला सांगितलं. खोटं नाही. रोज सकाळी ते विचारायचं: खोकला आहे का? ताप आहे का? दिवसातनं एकदा माझी तब्येत विचारणारं तिथं ते एकटंच होतं. मी त्याला सविस्तर सांगायचो, खोकला नाही बाबा, ताप नाही, पण छातीत कसंतरी होतंय, कुणी बोललं नाही की होतंय. त्याला दोनच बटणं. होय. नाही. 'नाही' दाबलं की "धन्यवाद" म्हणायचं आणि बंद व्हायचं. त्या धन्यवादासाठी मी दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लागलो होतो. ही थाप असती तर बरं झालं असतं.

आरोग्य केंद्राच्या आशाताई नाकातनं नमुना घेऊन गेल्या. तपासणी निघाली निगेटिव्ह. मला रोग झालाच नव्हता.

पण आक्कांना झाला. नामदेवमामांनी फोन करून सांगितलं. आक्कांना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला.

"आन लेका," मामा हळू आवाजात म्हणाले, "सगळी तुजंच नाव घ्यायला लागल्यात."

"मामा, माझी तपासणी..."

"मला सांगू नगोस. मी काय करणार? हे ऐक. साहेबानं पैल्याच महिन्यात ग्रुपवर टाकलंय. मी गेटवर आसतो म्हणून मी बी हाय त्यात." आणि त्यांनी चष्मा लावून अक्षर-अक्षर वाचलं, "सर्व सभासदांनी घरात आणि सोसायटीच्या आवारात ब्लूटूथ बंद ठेवावे, म्हणजे कामगारांमुळे आपल्या मोबाईलवर शिक्का बसणार नाही."

म्हणजे घमेलं होतं, वर हेही होतं. त्या महिन्यात आक्कांकडं पुण्याहून पुतणे येऊन गेले होते. समोरच्या फ्लॅटात वाढदिवस झाला होता, त्याचा केक मीच कचऱ्यात उचलला होता. कुणामुळं आक्कांना झालं? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माहीत व्हायची जी एक सोय होती, ती सगळ्यांनी बटण दाबून बंद केली होती. चालू होतो फक्त आम्ही. म्हणून सापडलो फक्त आम्ही.

चौदा दिवस संपले. निगेटिव्हचा कागद खिशात घालून मी इमारतीत गेलो. पार्किंगमध्ये मीटिंग मांडली होती. खुर्च्या लांब लांब. मला गेटच्या बाहेर उभं केलं, फाटक लावलेलं. आक्काही खाली आल्या होत्या. दवाखान्यातनं सुटून दोन दिवस झाले होते. निम्म्या राहिल्या होत्या. मला त्यांना बघून एवढं बरं वाटलं की मी दोन्ही हात हलवले. त्यांनी बघितलं. हात वर आला नाही.

साहेबांनी फाटकाच्या गजांतनं एक पेन आणि एक कागद दिला. टाईप केलेला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे इमारतीत संसर्ग पसरला व एका ज्येष्ठ सभासदाच्या जिवास धोका झाला. मी बिनशर्त माफी मागतो. यापुढे मोबाईल गेटवर ठेवण्यास व अंगावर फवारणी करण्यास माझी हरकत नाही.' खाली शालनवैनीची सही. आदल्या दिवशीच घेतलेली. तिला मी बोल लावत नाही, तिचं घर तिच्या पोळ्यांवर चालतं. तिच्या सहीखाली माझं नाव टाईप करून जागा मोकळी ठेवलेली.

"सही कर आणि उद्यापासून ये," साहेब म्हणाले. "आम्हाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही."

मी सांगायला सुरुवात केली. घमेलं, आठ ते बारा, एकावर एक फोन. निगेटिव्हचा कागद उघडून गजांतनं धरला. आणि तेव्हा मी साहेबांचे डोळे बघितले, काचेच्या पडद्याआडनं. त्यांना कळलं. एका क्षणात कळलं, शिकलेला माणूस तो. पापणी एकदा लवली. मग ते खुर्च्यांकडं वळून हसले.

"घ्या. मगरीनंतर आता ही नवीन."

सगळे हसले. आणि मला कळलं की आता माझी पाळी आहे. अकरा वर्षांची सवय होती. या जागी मी काहीतरी बोलायचं, स्वतःवरच, आणि सगळ्यांनी आणखी हसायचं, आणि मग सगळं गोड व्हायचं. शब्द तोंडात आलाही होता. चांगला होता. मी तो गिळला. आतापर्यंत माझ्यावर जे जे मारलं गेलं, त्याला मीच साखर लावून दिली होती.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचा फोन दाखवा."

"काय?"

"अॅप उघडा. तुम्ही गेल्या महिन्यात कुणाकुणाच्या जवळ गेलासा ते दाखवा. सगळ्यांनी दाखवा. आक्कांना कुणामुळं झालं ते शोधूया की."

"आम्ही दाखवायचं?" साहेब म्हणाले. "तुला?"

एवढंच. तीन शब्द. सगळ्या साथीचा अभ्यास त्या तीन शब्दांत होता.

नामदेवमामा फाटकाजवळ येऊन पुटपुटले, "कर रं सही. काय झिजतंय? काम ऱ्हाईल." मामांच्या आवाजात माया होती. तीच जड गेली.

मग आक्का बोलल्या. आवाज खोल गेला होता, प्रत्येक शब्दाला दम लागत होता.

"सही कर की, तम्मा. कुणामुळं झालं ते एकदा ठरलं म्हंजे माझ्या जिवाला बरं वाटंल."

साहेबांसाठी मी सही केली नसती. पण ही म्हातारी! मरणाच्या दारातनं परत आलेली, जिला मी चाळीस वेळा हसवलं होतं. एका सहीनं तिला झोप लागली असती. मी खरंच पेन धरलं होतं.

"आक्का," मी म्हटलं, "तुम्ही वाचलासा, त्यात मला सगळं मिळालं. पण मी तुम्हाला रोग दिला न्हाई. ह्यावर सही केली तर मी आजवर मारल्या त्यातली ही सगळ्यात मोठी थाप हुईल. आन ती तुम्हाला खरी वाटंल."

आक्कांनी तोंड फिरवलं. सुनेनं त्यांना धरून लिफ्टकडं नेलं. मी पेन गजांतनं परत दिलं. कागद मात्र दिला नाही. साहेब म्हणाले, "तो इकडे दे." मी म्हटलं, "माझं नाव हाय त्यात. माझ्याकडंच ऱ्हाईल."

आणि चालायला लागलो. रस्त्याच्या वळणापर्यंत मागनं कुणी हाक मारली नाही. मी कान देऊन ऐकत होतो, हे कबूल करतो.

काम गेलं. आक्कांची भेट पुन्हा झाली नाही. बायको आणि लेक परत आल्या तेव्हा बायकोनं तो कागद वाचला, परत वाचला, आणि पत्र्याच्या पेटीत लेकीच्या शाळेच्या दाखल्याखाली ठेवला. आता मी बावड्यात आणि गावात दारोदार टाक्या धुतो. थापा अजून मारतो. फक्त कुणी मला मारलं तर त्यावर विनोद करत नाही.

रोग गेला, पण दुसरा येईल. तेव्हा परत नवी अॅपं येतील, नवे रंग येतील. मी पळणार नाही. माझा फोन देईन, नाक पुढं करीन, कुठं गेलो, कुणाजवळ बसलो, सगळं सांगीन. रोगाचा माग निघालाच पाहिजे, त्यात म्हाताऱ्या माणसांचे जीव आहेत. पण माझ्या आधी फ्लॅटवाल्यानं स्वतःचा फोन उघडून दाखवायचा, माझ्या डोळ्यांसमोर. तो उघडणार नसेल तर मीही दारातनं आत जाणार नाही, मग आत टाकीत शेवाळ होऊ दे नाहीतर किडे. ज्या यादीत नुसती आमचीच नावं आहेत, त्या यादीखाली मी सही करणार नाही. कुणाच्याही समाधानासाठी नाही.